कुकडीच्या पुलापर्यंत

कानाशी स्क्रूड्रायव्हरची मूठ, पोलादी टोक इंजिनाच्या अंगावर टेकलेलं, डोळे मिटलेले, ओठ किंचित विलग, आणि गोठ्याच्या कौलांमधल्या फटीतून उतरलेली भाद्रपदाची पिवळसर तिरीप नेमकी कपाळावर. माझ्या यजमानांची आठवण आली की मला पहिल्यांदा दिसतं ते हे. इतर बायकांना म्हणे नवऱ्याच्या आठवणीत लग्नातला फोटो दिसतो. मला ग्रीसनं माखलेला, वैद्यानं नाडी बघावी तसा लोखंडाचा कानोसा घेणारा माणूस दिसतो. इंजिन वर्षानुवर्षं मुकं होतं. तरी एका हातानं पंख्याचं पातं ते हळूच फिरवायचे, आत कुठे काही सरकल्याची चाहूल लागली की त्यांच्या चेहऱ्यावर समाधानाची एक बारीक लहर उमटायची. मी दारातून विचारायचे, "काय म्हणतेय?" त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "श्वास घेतीय. बोलत न्हाई अजून."

ते येडगावच्या धरणावर नोकरीला होते. अवजड दरवाजे वरखाली करणाऱ्या यंत्रांची देखभाल हे त्यांचं काम, आणि त्या कामानं त्यांचे कान असे तयार झाले होते की पाणी सोडण्याच्या दिवशी साखळीचा सूर नेहमीपेक्षा जरा निराळा लागला तरी रात्रीची भाकरी त्यांच्या घशाखाली उतरत नसे. गाव त्यांना दत्तूभाऊ म्हणायचं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, दिवसभर चाळीस पोरांवर ओरडणारी. घरी आले तरी माझा आवाज खाली यायला तासभर लागे. स्वयंपाकघरात भांडी कशी आपटतायत यावरून माझा राग कुठवर चढलाय हे त्यांना बिनचूक कळायचं, आणि मग ते शहाण्यासारखे गोठ्याकडे निघून जायचे. आमचा संसार निम्मा त्यांच्या कानांवर आणि निम्मा माझ्या तोंडावर चालला, असं आमची मुलगी म्हणते.

गोठ्यात गाय नव्हती. गोठ्यात कासमभाईंची गाडी होती.

जुन्नरच्या पेठेत कासमभाईंचं बियाण्यांचं दुकान होतं. कांद्याचं, वाटाण्याचं, मेथीचं बी घ्यायला आमच्या सासऱ्यांपासून सगळे त्यांच्याकडे जात, आणि ज्या घरात त्यांचं बी जाई त्या घरच्या लग्नाला त्यांची गाडीही जाई, असा एक रिवाज त्यांनी स्वतःहून पाडून घेतला होता. फुगीर पाठीची, पुढची दारं उलट्या बाजूनं उघडणारी, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली जुनी फियाट. लोक तिला तिच्या नाकाडावरून डुक्कर फियाट म्हणायचे. कासमभाई पाच वेळा नमाज पढणारे, त्यांच्यासमोर ते नाव कुणी तोंडातून काढत नसे. ते तिला नुसतं 'गाडी' म्हणत आणि ऐकणाऱ्यांना तेवढं पुरे. त्या पंचक्रोशीतल्या कितीतरी नवऱ्या मुली तिच्या मागच्या सीटवर डोळे पुसत सासरी आल्या. त्यांतली एक मी. धुळीचा रस्ता, झेंडूचा कोंदट वास, शेजारी हा अबोल माणूस, आणि आमच्यापुढे स्टिअरिंगवर खुद्द कासमभाई, जे दर खड्ड्याला मागं वळून "संभाळून, बेटी" म्हणत होते, एवढं मला अजून लख्ख आठवतं.

पुढे त्यांची नजर अधू झाली, जीपा वाढल्या, लग्नांना फुलांनी मढवलेल्या नव्या गाड्या यायला लागल्या. कासमभाईंची गाडी दुकानामागच्या चिंचेखाली उभी राहिली ती राहिलीच. कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली. यजमान एकदा मेथीचं बी आणायला गेले आणि बी न घेताच तासभर त्या चिंचेखाली उभे राहून परत आले. दुसऱ्या खेपेला मला बरोबर नेलं, कारण असली विचारणा करताना त्यांना माझं तोंड लागायचं. मीच विषय काढला. कासमभाई हसले आणि त्यांनी मान हलवली.

"विकायची न्हाय, बेटी. इतक्या पोरींची वरात नेली तिनं, तिला बाजार दाखवू का मी? दत्तू, तू घेऊन जा. फक्त चालू झाली की माझ्या दारात आण आणि मला एकदा कुकडीच्या पुलापर्यंत ने. पुलावर दोन मिनिटं थांबव. बस."

"आणतो, भाई," हे म्हणाले. "सबूद दिला."

टोमॅटोचे रिकामे कॅरेट खाली रचून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ती आमच्या दारात आली. शेजारणी जमल्या. "वहिनी, सवत आणली का दत्तूभाऊंनी?" असं एकीनं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "सवत असती तर दोन भाकऱ्या तरी थापल्या असत्या." गोठा पाडून तिथे एक खोली काढायची असं माझं कधीचं ठरलं होतं. ती खोली पुढे कधीच झाली नाही, आणि खरं सांगते, मला तिची फारशी आठवणही झाली नाही.

नऊ वर्षं. आता एका दमात म्हणता येतं, पण ती ऋतूंच्या पावलांनी गेली. थंडीत पहाटे द्राक्षबागांवर धुकं उतरलेलं असताना गोठ्यातून कानशीचा एकसुरी, संथ घर्षणध्वनी यायचा आणि त्या लयीत मी पोळ्या लाटायचे. उन्हाळ्यात रॉकेलच्या परातीत पहुडलेले सुटे भाग चकाकायचे, अंगणभर त्यांचा उग्र वास दरवळायचा. पावसाळा हा त्यांचा वैरी. चार महिने ते नवं काही करत नसत, केलेल्या कामावर गंज चढू नये म्हणून तेलाच्या फडक्यानं एकेक अवयव पुसत बसायचे, जसं आजाऱ्याला कूस बदलून द्यावी. दर दुसऱ्या रविवारी एसटीनं पुण्याच्या जुन्या बाजारात जायचे आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एखादं गंजकं लोखंड घेऊन असे परतायचे की माणसानं पेढे आणलेत असं वाटावं. अडलेल्या नटावर मात्र त्यांनी कधी हातोडा उगारला नाही. तेलाचे दोन थेंब सोडायचे, दोन दिवस त्याच्याकडे बघायचंही नाही, आणि मग पान्यानं हलकेच पुन्हा विचारायचं. न सुटल्यास आणखी दोन दिवस. घरातली भांडणंही ते याच पद्धतीनं सोडवायचे, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा.

त्या कामात माझाही वाटा होता, तो मी सोडणार नाही. सीटा मी शिवल्या. एका मे महिन्याच्या सुट्टीत शिलाईच्या मशिनीवर तांबड्या रेक्झिनशी मी झटापट केली, सुयांचा चुराडा केला, यांना लागतील तेवढे टोमणे मारले. जुना काथ्या उसकताना सीटच्या सांदीतून मूठभर तांदूळ निघाले. पिवळे पडलेले, कुंकवाची पुसट लाली अजून अंगावर वागवणारे. कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षता. आम्ही दोघं उकिडवे बसून ते दाणे तळहातावर घेऊन बघत होतो. "आपल्यातल्याबी असतील यात," हे म्हणाले. मी ते दाणे नव्या काथ्यात परत घालून वर टाके घातले. इतक्या वर्षांच्या संसारातली ती माझी सगळ्यात सुखाची दुपार होती.

इकडे कासमभाई वाट बघत होते. नारायणगाव-जुन्नर फेऱ्या मारणारा जीपवाला बाळू हा त्यांचा टपालवाला. आठ-पंधरा दिवसांनी तो फाटकाशी हॉर्न वाजवायचा आणि ओरडायचा, "दत्तूभाऊ, शेठनी इचारलंय, गाडी काय म्हणती?" हे कुठलातरी भाग उंचावून दाखवायचे. एका हिवाळ्यात कासमभाई स्वतः जीपनं आले, खाटेवर बसले, बॉनेटवर तळहात फिरवत राहिले. जाताना त्यांना उठवायला दोघं लागले. त्यानंतर ते घराबाहेर पडेनासे झाले आणि त्यांची मागणीही हळूहळू आखडत गेली. पुलापर्यंत जमलं नाही तर पेठेच्या टोकापर्यंत चालेल, असा निरोप आला. पुढच्या वर्षी, नुसती मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत. शेवटी बाळू म्हणाला, "शेठ म्हणत्यात, बसवली नाय तरी चालंल, दारात चालू करून आवाज तेवढा ऐकवा." हे त्या रात्री जेवले नाहीत. त्यांच्या नऊ वर्षांच्या सबुरीत घाई शिरली ती त्या दिवशी.

आणि भाद्रपदातल्या एका संध्याकाळी ती बोलली.

मी कणीक मळत होते. आधी एक खोकला, मग दुसरा, आणि मग एक भरदार, गोल, अखंड गुंजन, असं की फडताळातल्या वाट्या थरथरायला लागल्या. फाटकाशी बाळूची जीप थांबली आणि हॉर्न वाजवत जुन्नरकडे गेली. मग हे स्वयंपाकघराच्या दारात आले. दोन्ही हात काळे, डोळे भरलेले, आणि पन्नाशीचा हा माणूस लहान मुलासारखा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. "ऐकलंस का?" त्यांनी विचारलं. "उद्या जुन्नरला जाऊ. भाईंना बसवू. पुलापर्यंत नेऊ."

मी हात पुसले आणि भिंतीवरच्या पंचांगाकडे बघितलं. पितृपंधरवड्याची द्वितीया होती.

"उद्या नको," मी म्हटलं. "पंधरवडा चाललाय. या दिवसांत नवीन गाडी कुणी रस्त्यावर काढतं का? घटस्थापनेला पूजा करू, नारळ फोडू आणि मग जाऊ."

"अगं, नवीन कुठं? आपल्या लग्नाच्या आदीची गाडी हाय ती. आन कासमभाईला कुठला आला पंधरवडा?"

"त्यांना नसेल. आपल्याला आहे ना? नऊ वर्षं थांबलात, अजून दोन आठवडे थांबा."

माझ्यावर हसू नका. माझ्या थोरल्या भावानं याच दिवसांत मोटारसायकल घेतली होती, आई नको नको म्हणत असताना; आणि सर्वपित्रीच्या आत आळेफाट्याच्या अलीकडे तो गेला. तेव्हापासून पंधरवडा माझ्यासाठी पंचांगातली गोष्ट राहिली नव्हती, ती पोटातली भीती होती. हे त्यांना ठाऊक होतं. स्वतः ते मुहूर्त, शकुन, काही मानत नसत. धरणाचे दरवाजे अमावास्या बघून उघडत नाहीत, असं म्हणायचे. मला वाटलं, आता वाद घालतील, आणि त्यांनी घालावा असंही कुठेतरी वाटत होतं. पण त्यांनी खांद्यावरचं फडकं घेतलं, एकेक बोट सावकाश पुसलं आणि म्हणाले, "बरं." गोठ्यात जाऊन त्यांनी इंजिन बंद केलं. माझ्या हट्टावरही ते तेलाचे दोन थेंब सोडून थांबले, हे मला फार उशिरा कळलं.

मग रोज संध्याकाळी ते गाडी दहा मिनिटं चालू करायचे, जागच्या जागी. धूर गोठ्याच्या दारातून बाहेर पडायचा, पश्चिमेच्या उन्हात निळा व्हायचा आणि शेवग्याच्या झाडाशी विरून जायचा. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, समोरच्या कुडाच्या भिंतीकडे बघत ते बसलेले असायचे. त्या दिवसांत ते गप्प होते, पण ते कायमच गप्प असत, त्यामुळे मी मनाला लावून घेतलं नाही. पंचांगावर मी रोज एक दिवस खोडत होते. मला वाटत होतं की मी सगळ्यांचं भलंच करतेय.

द्वादशीला सासऱ्यांचं श्राद्ध होतं. खीर, वडे, आमटी, भोपळ्याची भाजी. पहाटेपासून चुलीशी उभी होते. पान वाढून यांनी ते कौलावर ठेवलं आणि आम्ही कावळ्याची वाट बघत अंगणात थांबलो. कावळे होते, बसतही होते, पानाला शिवत मात्र नव्हते. मी म्हटलं, "मामंजींचं काय राहिलंय कुणास ठाऊक." तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. त्या दिवशी बाळूनं हॉर्न वाजवला नाही. उतरून आत आला, चप्पल बाहेर काढली.

"दत्तूभाऊ, कासमशेठ गेलं. सकाळी. दुपारच्या नमाजानंतर नेणार हायेत."

मग मीच बोलले, बोलण्याची सवय माझीच. म्हटलं, "अहो, गाडी काढा. आत्ता काढा. मी येते."

हे माझ्याकडे वळले. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, तो असता तर मी तरले असते. ते म्हणाले, "आता कशाला घाई?" आणि पायांत चपला घालून, वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी उपाशी, बाळूच्या जीपमध्ये जाऊन बसले.

संध्याकाळी उतरत्या उन्हात परत आले. अंघोळ केली, थंड झालेलं जेवण निमूटपणे जेवले. गाडी त्या दिवशी चालू केली नाही. मेलेल्यांची पानं वाढण्याच्या गडबडीत एका जिवंत माणसाला मी ताटकळत ठेवलं, एवढं मला तेव्हाही कळलं होतं. ते मी त्यांना म्हणूनही दाखवलं. ते म्हणाले, "भाईंचं वय झालं व्हतं," आणि कूस बदलली.

घटस्थापनेला मी ठरल्याप्रमाणे पूजा केली, कारण न करणं त्याहून अवघड होतं. त्यानंतर सात वर्षं ती गाडी चालली, अगदी गोड चालली. येडगावच्या भिंतीपर्यंत, खोडदच्या रस्त्यानं, एकदा लेकीला सोडायला थेट अवसरीपर्यंत. लोक थांबून बघायचे, म्हातारी माणसं ओळखीचं हसायची. पण नारायणगावच्या चौकातून जुन्नरकडे फाटा फुटतो, त्या फाट्यावर त्यांनी स्टिअरिंग कधी वळवलं नाही. जुन्नरला काम निघालं की ते जीपनं जात. एकदा मी धीर करून विचारलंच, "माझ्यावर राग आहे का तुमचा?" ते कार्बोरेटरची जाळी फुंकत होते. "न्हाई गं," ते म्हणाले. "तू सांगितलंस, पण ऐकलं तर म्याच ना?" त्या उत्तरानं मला हलकं वाटलं होतं. किती बेअक्कल असतो माणूस हलकं वाटून घ्यायला.

ते गेले ते वैशाखात, दोन दिवसांच्या आजारानं, फारसा कुणाला त्रास न देता. महिन्याभरानं कासमभाईंचा मुलगा युनूसभाई भेटायला आला. दाढी पांढरी झालेली, बापाचीच चण. ओट्यावर बसला, चहा घेतला, गोठ्याकडे बघून म्हणाला, "भाभी, दत्तूभाऊंसारखा सबूद पाळणारा माणूस न्हाई. आखरी दिवसांत अब्बा त्यांच्याच नावावर जगले."

मी विचारलं, म्हणजे कसं.

"तुमाला तर म्हाईत असंल. गाडी चालू झाली त्याच संध्याकाळी त्यांनी बाळूबरोबर सांगावा धाडला, उद्या येतो म्हणून. दुसऱ्या दिवशी दुसरा आला, थोडे दिस लागतील म्हणून. पर अब्बा ऐकंनात. म्हणायचे, दत्तूला राहवणार न्हाई, तो आजच येतोय बघ. रोज दुपारी निकाहातला कोट अंगात घालायला लावायचे, टोपी घालायचे, दारात खुर्ची टाकून बसायचे. सांजच्याला मगरिबची अजान व्हईपर्यंत. दहा दिवस. बाहेर कुठली बी जीप वाजली की उठायला बघायचे."

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. म्हटलं, "हे यांना माहीत होतं?"

"मीच सांगितलं, मयतीच्या दिवशी, कब्रस्तानात. त्यांनी माझा हात धरला, लई वेळ सोडला न्हाई. मग म्हणाले, युनूस, माझ्या घरात हे कधी बोलू नगंस." तो बोलता बोलता थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. आपण काय करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं असावं. "भाभी, माफी करा," तो म्हणाला. मी त्याला आणखी चहा विचारला. दुसरं काय करणार होते?

सात वर्षं तो माणूस माझ्यासमोर जेवला, माझ्या टोमण्यांना हसला, माझ्या आजारपणात माझे पाय चेपले, आणि ते दहा दिवस एकट्यानं छातीत वागवत राहिला. आवाजावरून जगातल्या प्रत्येक यंत्राचं दुखणं ओळखणाऱ्या त्या माणसाचं दुखणं मला मात्र इतक्या जवळून ऐकू आलं नाही. दिवसांना मी जन्मभर चांगले आणि वाईट म्हणत आले. ते तसे नसतात बहुधा. ते नुसते असतात, आणि मग नसतात. गेलेली माणसं काळाबरोबर दूर दूर जातात असं म्हणतात, पण माझ्या आठवणीत ते दोघं अजून निघालेलेच नाहीत: एक दारात कोट घालून बसला आहे, दुसरा किल्ली हातात घेऊन उभा आहे, आणि दोघांमधला तो एवढासा रस्ता माझ्या एका होकारासाठी मोकळा पडून आहे.